पिट्सबर्गला जायचं की नाही

पिट्सबर्गहून नोकरीचं पत्र आलं त्या रात्री आईला फोन केला. तिचा पहिला प्रश्न, "ते कुठं आलं गं?" म्हटलं, पेनसिल्व्हेनियात, न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनपासून गाडीनं सहा तास. "म्हणजे मुंबई-कोल्हापूरच की. मग विचार कसला करतीस?" तिच्या हिशेबात मुंबई सोडून कोल्हापूरकडं निघणं म्हणजे सुटका. तिला कसं सांगणार की आम्ही एडिसनला घट्ट रुतलोय. ओक ट्री रोडवर मेथीची जुडी मिळते, रविवारची मराठी शाळा आहे, गणपतीत आरतीला पन्नास डोकी जमतात. आणि पिट्सबर्गात आमचं ओळखीचं एकही माणूस नाही.

योगायोग असा की त्याच आठवड्यात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझ्या भाच्यावरून जुंपली होती. तो हिंजवडीत नोकरी करतो, सहा जणांत फ्लॅट, रोज दीड तास ट्रॅफिकमध्ये. त्याला कोल्हापूरला परत यावंसं वाटतंय. दादा म्हणतो, ये. वहिनी म्हणते, इथं येऊन काय रंकाळ्यावर भेळ खाणार? शेंडा पार्कात आयटी पार्क होणार, यावर निम्म्या ग्रुपचा विश्वास आहे. निम्मे म्हणतात, हे आम्ही विमानतळाच्या वेळीही ऐकलं होतं. मी दोन्ही बाजूंना अंगठा देत बसले होते. मग लक्षात आलं, माझ्यासमोरचा प्रश्नही हाच आहे, फक्त डॉलरमधला.

म्हणून आधी जाऊन बघितलं. एका शुक्रवारी मुलाला मागच्या सीटवर झोपवून निघालो. पिट्सबर्गात शिरायची रीतच नाट्यमय आहे. फोर्ट पिटच्या बोगद्यात डोंगरातून जाताना काहीच दिसत नाही, आणि बाहेर पडताक्षणी तुम्ही पुलावर असता, समोर अख्खं शहर आणि नद्या. मोनोंगाहेला आणि अ‍ॅलेगेनी मिळून ओहायो होते. संगमाच्या टोकावर कारंजं आहे, त्याला पाणी येतं ते जमिनीखालच्या झऱ्यांच्या थरातून. इथले लोक त्या थराला 'चौथी नदी' म्हणतात. मला हसूच आलं. आमच्या पंचगंगेतही कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती दिसतात आणि पाचवी सरस्वती गुप्त. नवऱ्याला म्हटलं, हे तर आमच्या संगमावरचं प्रयाग चिखलीच आहे. तो सोलापूरचा, त्याला नद्यांचं एवढं कौतुक नाही.

शहर मला आवडलं, हे आधीच सांगून टाकते. १८७७ सालची, दोरावर चढणारी डबेवाली गाडी अजून लोकांना डोंगरावर नेते. रस्त्यावरचा बर्फ उपसून गाडीला जागा केली की लोक तिथं घरातली मोडकी खुर्ची मांडून ठेवतात, आणि ती खुर्ची कुणी हलवत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या जिल्ह्यातून मी आलेय, मला हा कायदा समजावून सांगावा लागला नाही. पेन हिल्सला डोंगरउतारावर व्यंकटेश्वराचं देऊळ आहे, १९७०च्या दशकातलं, अमेरिकेतल्या सुरुवातीच्या हिंदू देवळांपैकी एक. आईला फोटो पाठवला तर म्हणाली, "मग काय, अंबाबाईच्या सासरचीच माणसं." तिरुपतीहून दर नवरात्रात अंबाबाईला शालू येतो, त्या नात्यानं.

पण शनिवारी दुपारी आम्ही होमस्टेडला जेवायला गेलो आणि तिथं माझं मन जरा जड झालं. नदीकाठचा मोठा मॉल, सिनेमागृह, पार्किंग, आणि मधेच ओळीनं बारा उंच चिमण्या. बाकी फारसं काही उरलेलं नाही. इथला पोलादाचा कारखाना १९८६ साली बंद पडला. परळ-लालबागला मॉलमागं उभी राहिलेली गिरणीची चिमणी ज्यानं बघितलीय त्याला ही जागा अनोळखी वाटणार नाही. माझा मामा लालबागच्या गिरणीत होता. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांचा संप सुरू झाला तेव्हा खानावळीचं बिल थकवून तो राधानगरीला परत आला, 'चार महिन्यांसाठी'. पुन्हा गेलाच नाही. साधारण त्याच वर्षांत मोनोंगाहेलाच्या खोऱ्यातली पोलादी माणसं सामान बांधून टेक्सासकडं, फ्लोरिडाकडं निघत होती. १९५० साली पिट्सबर्गची वस्ती पावणेसात लाखांच्या आसपास होती. २०२०च्या जनगणनेत ती तीन लाखांवर आली. नुसतं शहर धरलं तर कोल्हापूरहून लहान, कारण आमची २०११ सालीच साडेपाच लाखांजवळ होती.

ज्या शहरात निम्मी माणसं उरली, तिथं मी आता बाहेरून का चाललेय? कारण पोलाद गेलं तरी विद्यापीठं आणि दवाखाने जागेवर राहिले. साल्कनं पोलिओची लस जिथं तयार केली ते पिट विद्यापीठ, शेजारी कार्नेगी मेलन. पोलाद कंपनीच्या नावानं बांधलेल्या ६४ मजली इमारतीच्या माथ्यावर आज इस्पितळांच्या समूहाची पाटी झळकते. माझं काम इस्पितळांच्या डेटाचं, म्हणून ते पत्र.

आता हिशेब. आमच्या एडिसनच्या टाउनहाउसच्या पैशात तिथं अंगणाचं घर येईल, हे कुणीही सांगतं. मित्रमंडळी तेवढंच सांगतात. मला झोप लागू दिली नाही ती वेगळ्याच गोष्टीनं. मी नोकरीला बांधलेल्या एच-वन-बी व्हिसावर आहे. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर बॅगा भरायच्या. नवऱ्याचा कामाचा परवानाही माझ्याच व्हिसाला बांधलेला. न्यू जर्सीत औषध कंपन्या गल्लीगल्लीत आहेत, त्याचं निभतं. म्हणून परत आल्यावर आम्ही जेवणाच्या टेबलावर कागद घेतला आणि नावं लिहिली. पिट्सबर्गची ही नोकरी गेली तर दुसरी मला कोण देईल? दोन मोठे इस्पितळ समूह, दोन विद्यापीठं, एक मोठी बँक. पाच. नवऱ्याच्या कामाच्या औषध कंपन्या? कॅनन्सबर्गला एक मोठं मुख्यालय, मग पेन बराच वेळ हवेत. न्यू जर्सीची यादी आम्ही कागद उलटून पाठीमागं लिहिली.

कोल्हापूरच्या वादात हाच कागद कुणी काढत नाही, असं माझं मत आहे. तिथं भांडण होतं ते पाणी, हवा, मिसळ आणि 'आपली माणसं' एका बाजूला, आणि 'स्कोप' दुसऱ्या बाजूला. एखादी कंपनी आली की झालं, असं आयटी पार्कवाले समजतात. एका कंपनीचं गाव म्हणजे काय ते होमस्टेडला जाऊन बघावं. माणूस पुण्याला जातो तो पहिल्या नोकरीसाठी, पण तिथं अडकून राहतो दुसरीच्या भरवशावर. बाबांची उद्यमनगरातली फाउंड्री आठवते. तिथला मोल्डर भांडून निघाला तर संध्याकाळपर्यंत दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या भट्टीवर उभा असायचा. बाबा चिडायचे, पण म्हणूनच शहरात चांगले मोल्डर टिकायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. सहा जिल्ह्यांचं काम. ग्रुपवर त्यावर पेढ्यांचे फोटो आले, पण मला त्यात खरा अर्थ दिसतो तो असा की वकिलाला एका साहेबाच्या मर्जीवर राहावं लागत नाही. शंभर अशील, शंभर दारं. आयटी पार्कपेक्षा मला हे मोठं वाटतं. दादाला पटत नाही.

हद्दवाढीचाही विषय निघालाच. कोल्हापूरची महानगरपालिका १९७२ सालची, आणि तेव्हापासून हद्द तसूभर वाढलेली नाही. भोवतालची गावं म्हणतात, घरफाळा तुमचा आणि सोयी कुठल्या? पिट्सबर्गात हे भांडण शंभर वर्षांपूर्वी झालं. नदीपलीकडच्या अ‍ॅलेगेनी शहराला विलीन व्हायचं नव्हतं, पण दोन्ही शहरांची मतं एकत्र मोजायचा कायदा करून १९०७ साली ते गिळलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, अ‍ॅलेगेनी हरलं. बाकीची गावं मात्र निसटली, आणि आज त्या एका काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, १३० नगरपालिका आहेत. शहराच्या हद्दीत राहिलं तर पगारावर तीन टक्के स्थानिक कर, हद्दीबाहेर बहुतेक ठिकाणी कमी. म्हणजे शहराच्या जिवावर जगायचं आणि कर वाचवायला कुंपणापलीकडं राहायचं. कोल्हापूरच्या हद्दीबाहेर पाचगाव-उचगावात प्लॉट घेणाऱ्यांना नावं ठेवणारी मी, घरांच्या जाहिराती बघताना पहिली चाळणी हीच लावत होते. आमच्यात दोन दिवस यावर अबोला होता. नवरा म्हणाला, तत्त्वं भाड्याच्या घरात परवडतात, विकतच्या नाही.

हवेचं तेवढं राहिलं. रविवारी पहाटे खिडकी उघडली तर कुजक्या अंड्यासारखा वास. नदीच्या वरच्या अंगाला क्लेअरटनला कोळशाचा कोक करणाऱ्या भट्ट्या आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथं स्फोट होऊन दोन कामगार गेले. मुलाला लहानपणी दम्याची कुरकुर होती. त्यामुळं नकाशावर आम्ही आधी वाऱ्याची दिशा बघतो, मग शाळा.

शेवटी ठरलं ते असं. मी हो म्हटलंय. पण घर घ्यायचं नाही, दोन वर्षं भाड्यानं, आणि एडिसनचं विकायचं नाही. नवऱ्याला सध्याच्या कंपनीनं वर्षभर घरून काम करू द्यायचं कबूल केलंय. त्या वर्षात त्याच्या बाजूला किमान तीन नावं झाली नाहीत तर परत फिरायचं. तो कागद फ्रिजवर लावलाय.

भाच्यानं परवा मेसेज केला, "आत्या, तू छोट्या गावाला चाललीस, मग मी पण येऊ का?" म्हटलं, कोल्हापुरात तुला दुसरी नोकरी कोण देईल, त्यांची नावं पाठव. दोन दिवस उत्तर नाही. मग तीन नावं आली. एक मुंबईची कंपनी, जी घरून काम देते. एक उद्यमनगरातला कारखाना, ज्याला संगणकाचं माणूस हवंय. आणि तिसरं त्याच्या मित्राच्या कंपनीचं, जिची अजून नोंदणी व्हायचीय.

त्या तिसऱ्याला अर्धं धरू का, असं त्यानं खाली विचारलंय.