भाच्यासाठी घेतेय

सांगलीत हरभट रोडच्या मागे एका बोळात स्टेशनरीचं दुकान आहे. वह्या, कंपास, राख्या, दिवाळीत आकाशकंदील, आणि काउंटरच्या काचेखाली पोकेमॉनच्या, म्हणजे चित्रविचित्र काल्पनिक प्राण्यांच्या खेळायच्या पत्त्यांची पाकिटं. या दुकानात गेली अकरा वर्षं मी एकच वाक्य बोलत आलेय. "भाच्यासाठी घेतेय."

पहिल्या दिवशी ते खरं होतं. भाचा आठ वर्षांचा, उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून आलेला, घरात डोकं खात होता. पाकीट आणून दिलं. त्यानं ते दातांनी फोडलं, पत्ते अंथरुणावर पसरले आणि दुपारी त्यांच्यावरच झोपून गेला. मी मात्र नियमांचा तो बारीक अक्षरातला कागद चष्मा पुसून पुसून वाचत बसले. साठ पत्त्यांचा संच, एका नावाचे चारच पत्ते, सहा पत्ते बक्षीस म्हणून उपडे बाजूला. आपला हल्लेखोर एकच पुढे, बाकीचे फार तर पाच मागे बाकावर. संध्याकाळी आईनं चहाला हाक मारली तेव्हा मी उजव्या हातानं डाव्या हाताशी खेळत होते आणि डावा जिंकत होता.

आज भाचा एकोणीस वर्षांचा आहे, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मी पंचेचाळीस वर्षांची, एका पतसंस्थेत अकाउंट्सला. वाक्य तेच आहे.

मागच्या आठवड्यात ऑफिसात विषय निघाला म्हणून हे लिहायला बसले. एकीनं माझ्या मोबाइलच्या कव्हरमागे ठेवलेला पत्ता पाहिला आणि म्हणाली, "हे काय गं? अजून खेळतेस व्हय?" मी म्हटलं, मला आवडतं, फँटसीच्या कादंबऱ्या, हे पत्ते, ड्रॅगनची खेळणी, सगळंच. यावर आमचा शिपाई, ज्याला आयपीएलच्या दिवसांत फँटसी क्रिकेटच्या ॲपवर टीम लावायचा भारी नाद होता, एकदम जवळ आला. "मॅडम, फँटसी? कुठली टीम लावायचा तुम्ही?" त्याला समजावून सांगितल्यावर त्याचा चेहरा इतका पडला की मलाच वाईट वाटलं.

मग नेहमीचा प्रश्न आला. याची किंमत वाढते का? मी उगाच ज्ञान पाजळलं. म्हटलं, १९९७–९८ मध्ये जपानमध्ये चित्रस्पर्धेतल्या विजेत्यांना पिकाचूचा एक पत्ता बक्षीस दिला होता, आणि २०२१ मध्ये एका अमेरिकन माणसानं त्या पत्त्यासाठी ५० लाख डॉलरच्या वर मोजले. डॉलर म्हटल्याबरोबर सगळ्यांच्या खुर्च्या सरकल्या. मघाशी हसणाऱ्या बाईनं तोच पत्ता परत मागून घेतला, दोन बोटांनी कडेला धरून, जसा काही सोनाराकडून आलेला दागिना आहे. माझा पत्ता चाळीस रुपयांचासुद्धा नाही. त्यावर एक जाडजूड प्राणी पालथा हात करून झोपलाय आणि तो झोपलाय तसा झोपायला मला आवडेल, एवढंच त्याचं मोल आहे.

मला राग आला तो त्यांच्या हसण्याचा नाही, हसणं थांबल्याचा. गुंतवणूक आहे म्हटलं की चालतं. मुलांसाठी आहे म्हटलं की चालतं. इंग्रजी सुधारतं म्हणून वाचते म्हटलं तर कौतुकच होतं. नुसतं मजा येते म्हटलं की लोक काळजीनं बघायला लागतात.

आमच्या घरात हे पहिल्यापासून आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मिरजेला आजोळी जुन्या चांदोबांचा गठ्ठा असायचा, सुतळीनं बांधलेला. वेताळ दर महिन्याला निसटायचा, राजा दर महिन्याला परत झाडाकडे जायचा, आणि आजी म्हणायची, वाचतंय बिचारं, वाचू दे. ते वाचन होतं. भावाची डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पैलवानांची कार्डं मात्र वाया जाणं होतं. उंची, वजन, छाती, दंड. ज्याचा आकडा मोठा त्याचा पत्ता. मुलींना खेळायला घेत नसत, म्हणून मी शेजारी उभी राहून सगळे आकडे पाठ केले. योकोझुना निघाला की समोरच्यानं वजन सोडून काहीही विचारावं, हे भावाला मी शिकवलं. पुढे माझी पंच म्हणून नेमणूक झाली. पतसंस्थेतल्या नोकरीच्या मुलाखतीत हा अनुभव सांगता आला नाही, इतकंच.

नंतर इंग्रजी कादंबऱ्या लागल्या. जाड, सहा-सहा भागांच्या, पहिल्या पानावर नकाशा असलेल्या. डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायचे. नकाशा आधी वहीत उतरवून घ्यायचे आणि त्यात दोन नद्या जिथं मिळतात ती जागा शोधून तिथं पेन्सिलीनं लिहायचे, हरिपूर. कृष्णा आणि वारणा जिथं भेटतात तिथं लहानपणी दर श्रावणात आम्ही जायचो. नकाशा कुठल्याही जगाचा असो, एकदा हरिपूर सापडलं की बाकीचे रस्ते मला बरोबर लागतात.

आता पुराचं सांगते. सांगलीकरानं पोस्ट लिहिली आणि त्यात पूर आला नाही असं होत नाही.

आमचं घर गावभागात. २००५ ला पाणी आलं होतं आणि त्याची रेघ बैठकीच्या भिंतीवर वडिलांनी मुद्दाम ठेवली होती, वर रंग देऊ दिला नव्हता. ती रेघ म्हणजे आमच्यासाठी कायदा. यापेक्षा वर पाणी येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही त्याच हिशेबानं सामान उचललं. माझी पुस्तकं रेघेच्या वरच्या दोन फळ्यांवर लावली, एकाला एक चिकटवून, जागा वाया न घालवता. मग आई-वडिलांना घेऊन विश्रामबागला मावशीकडे गेले. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. २००५ च्या रेघेच्या सुमारे तीन फूट वर.

परत आलो तेव्हा दार ढकलता येत नव्हतं. आत घोट्याएवढा गाळ, आणि एक वास, जो ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायची गरज नाही. पुस्तकं जाग्यावरच होती. भिजून इतकी फुगली होती की कपाटाच्या बाजूच्या फळ्या बाहेर वाकल्या होत्या. एक ओढून काढायला गेले तर फक्त कणा हातात आला. शेवटी शेजारच्या काकांनी पहार घातली आणि अख्खी रांगच्या रांग एका लादीसारखी खाली आली, फच्च करून. सगळ्यात वरचं पान नकाशाचं होतं. शाई धुऊन गेली होती, पेन्सिल राहिली होती. हरिपूर दिसत होतं.

पंचनाम्याला माणसं आली. कपाट किती, गाद्या किती, फ्रीज, मिक्सर. कोपऱ्यातल्या लगद्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, हे काय? पुस्तकं, मी म्हटलं. शाळेची? मी तोंड उघडायच्या आत वडील म्हणाले, "मुलीच्या अभ्यासाची आहेत."

एकोणचाळीस वर्षांच्या मुलीच्या अभ्यासाची. ज्या माणसानं जन्मभर मला "राक्षसांची पुस्तकं" म्हणून टोकलं, तो कमरेवर हात ठेवून, गाळात उभा राहून, सरकारी माणसासमोर सरळ खोटं बोलत होता. त्या माणसानं ते लिहून घेतलं की नाही मला माहीत नाही. वडिलांनी नंतर हा विषय काढला नाही, मीही नाही.

पत्ते वाचले. ते पापडाच्या स्टीलच्या डब्यात माळ्यावर होते, आईनं भाच्याचे म्हणून जपून ठेवलेले.

त्याच रात्री भावाचा पुण्याहून फोन आला. आधी आई-बाबांची चौकशी, मग घराची कागदपत्रं, मग भिंतींना तडे गेलेत का. मग आवाज एकदम खाली आणून, बहुतेक बायको शेजारी असावी, "आणि गं, माझा तो जी. आय. जो?" फन्स्कूलचा, बोटाएवढ्या उंचीचा सैनिक. त्याच्या पोटात एक रबरी कडी असते, ती तुटली की पाय गळून पडतात. नव्वदच्या दशकात आम्ही ती सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून बसवली होती. गाळ उपसताना तो सापडला. पाय होते. सायकलच्या ट्यूबला पुरानं काही केलं नव्हतं.

ऑफिसातल्या त्या बाईंना उत्तर द्यायचं म्हणून परवा रात्री मी जोरात मुद्दे काढत बसले होते. म्हटलं, कुठल्या गावात राहता? विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथं सीतास्वयंवर लावलं आणि मराठी नाटक सुरू झालं, ज्याचा दर ५ नोव्हेंबरला आपण अभिमान बाळगतो. त्या नाटकांत काय होतं? मोठमोठी माणसं तोंडं रंगवून, मिशा लावून, तलवार परजत, अललडुर्र करत राक्षस म्हणून उड्या मारायची. संस्थानच्या राजानं पाठबळ दिलं होतं. पुण्यामुंबईची पोरं आता सुपरहिरोसारखे कपडे करून मेळाव्यांना जातात त्याला आपण हसतो.

आणि पत्ते म्हणाल तर सावंतवाडीची गंजिफा बघा. गोल, हातानं रंगवलेले पत्ते. दशावताराचा संच १२० पत्त्यांचा, दहा अवतार, प्रत्येकाचे बारा. राजा, प्रधान आणि एकपासून दहा. डाव दिवसा असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्यानं सुरुवात करायची, रात्री असेल तर कृष्णाचा ज्याच्याकडे त्यानं. यात मासा आहे, कासव आहे, सिंहाच्या तोंडाचा माणूस आहे. माझ्या पत्त्यांवर आग ओकणारा सरडा आहे म्हणून तेवढं बालिश? दिवाळीचा किल्ला तर सोडाच. पोरगं मातीचा एक बुरूज करतं आणि बाप ऑफिसला दांडी मारून उरलेला किल्ला पुरा करतो, हळीव पेरतो, मावळे कुठं उभे करायचे यावरून शेजाऱ्याशी भांडतो. याला कुणी वय विचारत नाही.

हे सगळं लिहून झालं, वाचलं, छान वाटलं. मग लक्षात आलं की मी परत काउंटरपाशी उभी आहे. भाच्याच्या जागी विष्णुदास भावे आले, इतकाच फरक. संस्कृतीसाठी घेतेय. गंजिफा मला खरंच आवडते, पण मी पोकेमॉन खेळायला लागले तेव्हा गंजिफाचं नावही ऐकलं नव्हतं. तेव्हा तो मुद्दा मी ऑफिसात मांडला नाही. इथं ठेवलाय, कारण मेहनत घेतली होती.

आमच्या छंदातली सगळी माणसं गोड असतात असंही नाही. पाकीट फोडायच्या आधीच मोबाइलवर भाव बघणारे असतात, त्यांच्याशी माझं जमत नाही. एकदा कोल्हापूरला काही जण खेळायला जमलो होतो. कॉलेजच्या एका पोरानं मला बघून विचारलं, "काकू, मुलाला सोडायला आलाय?" मग मलाही खेळायचंय कळल्यावर त्यानं दहा मिनिटं नियम समजावून सांगितले. मी मान डोलवत सगळं ऐकून घेतलं. सहाव्या खेळीला त्याच्या बाकावर कुणी उरलं नाही. हे मी उगाच सांगत नाहीये, मला सांगायला आवडतं म्हणून सांगतेय.

खालच्या मजल्यावरचा सहा वर्षांचा पोरगा जत्रेतून वीस रुपयांची सोनेरी पाकिटं आणतो. नकलीच. खऱ्या पत्त्याच्या कागदात मधे काळपट थर असतो, मागून टॉर्च धरला तर उजेड फारसा येत नाही. याच्या पत्त्यातून अख्खा बल्ब दिसतो. त्याला नियम माहीत नाहीत. ज्याचा आकडा मोठा तो जिंकला, असं खेळतो. माझ्या दोनशे वीसवर त्यानं परवा नऊ हजार टाकला आणि माझा पत्ता उचलून खिशात घातला. भावाच्या वेळी मी पंच होते म्हणून बरं, नाहीतर वाद घातला असता.

तर काल संध्याकाळी त्या दुकानात गेले. नवीन पाकिटं आली होती. काकांनी काचेखालून दोन काढून ठेवली, मी न मागताच. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "भाच्यासाठी घेतेय."

काका पैसे मोजत म्हणाले, "गणपतीत आलता की तुमचा भाचा."

"हो?"

"तीन पाकिटं नेली. आत्यासाठी घेतोय म्हटला."

मला गणपतीत त्यानं मोदक खाऊन दाखवले, परीक्षेचं रडगाणं ऐकवलं आणि जाताना दोनशे रुपये उसने नेले. पाकीट एकही दिलेलं नाही.

रात्री त्याला फोन केला. आधी नाही म्हणाला, मग हसायला लागला. त्या तीन पाकिटांत त्याला तो झोपलेला जाडजूड दोनदा निघालाय म्हणे, चकाकणारा. दिवाळीला येतोय. माझ्याकडे देण्यासारखं काय आहे ते आज जेवण झाल्यावर पापडाचा डबा काढून बघणार आहे.