परदेशी पाहुण्यांना सोनगीर दाखवण्याची रीत

डिसेंबर लागला की जर्मनीतल्या मित्राचा फोन येतो. नाताळच्या सुट्टीत येतोय, ऑफिसातले दोघं-तिघं बरोबर आहेत, त्यांना म्हणे खरा भारत बघायचाय. गांगरू नका. तुमचा जन्म धुळ्यात गेला असला तरी इथे बघण्यासारखं काय आहे हे तुम्हाला ठाऊक असण्याची काहीच गरज नाही. ते पाहुण्यांनी येतानाच मोबाइलमध्ये भरून आणलेलं असतं. त्यांनी राजवाडे संशोधन मंडळाचं नाव काढलं की "हो हो, आपलंच आहे" म्हणावं. आपण आत कधी पाऊल टाकलेलं नाही, हे सांगून शहराची अब्रू घालवू नये. लळिंगचा किल्ला विचारला तर गाडीतूनच बोट दाखवावं आणि चढायला ऊन फार असतं म्हणावं. डिसेंबरातही खपतं.

जेवणाचं सोपं आहे. घरी दर रविवारी पनीर मागवत असाल, पण पाहुणे असेतोवर तुम्ही परंपरेचे पाईक. भरीत सांगून ठेवा. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी लांब वांगी, लाकडी बडगीत ठेचलेली, सोबत कळण्याची पुरी. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, हे वाक्य पहिल्या घासाआधी टाका. नंतर ठसका लागल्यावर कुणी ऐकत नाही. करणारा शेतावरचा माणूस असू द्या, फोटोपुरतं मुसळ तुमच्या हाती असलं की झालं.

आता मुख्य कार्यक्रम, सोनगीर. धुळ्याहून शिरपूरच्या अंगाला, आग्रा रोडने वीसेक किलोमीटर. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी अख्ख्या खानदेशात नावाजलेलं गाव. शिरपूरला लग्नाला, इंदूरला खरेदीला जाताना ते दर वेळी तुमच्या काचेतून सरकलंय. गाडी थांबवली असेल तर चहासाठी. पण पाहुण्यांपुढे "आमचं नेहमीचं दुकान" असं म्हणत उतरावं आणि पहिल्या माणसाला हळूच विचारावं, तांबट कुठे बसतात?

कारखान्यात शिरताच मधोमध उभे राहा. कारागीर "बठा ना भाऊ" म्हणून पोतं झटकून देईल, त्यावर बसू नका, पँट खराब होते. पाहुणे मात्र खुशाल फतकल मारतील. त्यांना सवय नसते ना.

मग समजावून सांगायला लागा. तुम्ही मेकॅनिकलचे इंजिनिअर असलात तर फारच उत्तम. तांब्याचा पत्रा ठोकून ठोकून ताठर होतो, पुढे ठोकला तर फाटेल, म्हणून कारागीर तो भट्टीत लाल करतो आणि पाण्यात सोडतो. चर्र आवाज झाला की पाहुणे विचारणार, हे कशासाठी? तुम्ही ठणकावून सांगा, "कडक करण्यासाठी! हार्डनिंग!" पोलादाचं तसंच असतं, परीक्षेला आलं होतं. तांब्याचं नेमकं उलटं असतं, लाल करून पाण्यात घातलं तरी ते मऊच पडतं, पण कारागीर पाहुण्यांसमोर तुम्हाला तोंडघशी पाडणार नाही. तो ते भांडं नुसतं पाहुण्याच्या हातात देईल. पाहुणा अंगठ्याने दाबून बघेल, पत्रा वाकेल. एवढ्यात तुम्ही फोनवर बोलत बाहेर जा.

कल्हईच्या वेळी परत या, ती व्हिडिओत छान येते. तापलेल्या पातेल्यात नवसागर पडला की पांढरा धूर उठतो. कथील 232 अंशांनाच वितळतं, त्यामुळे कांडी नुसती टेकवली तरी पाघळते, आणि कापसाचा बोळा फिरला की लालसर पातेलं आतून चांदीसारखं होतं. पाहुणे टाळ्या वाजवतील. आंबट पदार्थ तांब्याला लागून कळकू नयेत म्हणून ही सारी खटपट, हे तुम्ही जरूर सांगा. तुमच्या सोसायटीच्या फाटकावर कल्हईवाल्यांना मनाई आहे, हे सांगण्याची ही जागा नव्हे.

खरेदीत तुमचा खरा कस लागतो. पाहुणा हंडी उचलेल, कारागीर वजन करून धातूचा भाव आणि वर मजुरी असा हिशेब सांगेल. पाहुणा पाकीट काढायच्या आत त्याचा हात धरा. "मी बोलतो." मुलांच्या तोंडून अहिराणी शब्द निघाला तर तुम्ही घरी डोळे वटारता, पण इथे ती बिनधास्त काढा: "कमी कर ना भाऊ, आपन गावनाच शेतस!" तांब्याचा भाव बाजार ठरवतो, त्यातला रुपया कारागिराला सोडता येत नाही. तेव्हा सुटणार ती मजुरी, म्हणजे आत्ता ज्याचा व्हिडिओ काढला ते ठोके. चिकाटी सोडू नका. शंभर रुपये सुटले की पाहुण्याकडे विजयी मुद्रेने बघा. तो नंतर गुपचूप पूर्ण पैसे देईल. त्याचा राग मानू नका, परदेशात राहून माणसाला व्यवहार कळेनासा होतो. स्वतःसाठी काही घ्यायची घाई नको. तांब्याची बाटली ऑनलाइन मिळते, सेलमध्ये.

एक धोका मात्र आधीच सांगून ठेवतो. कोपऱ्यात मोडीचा ढीग असतो. चेपलेली घंगाळं, कान तुटलेल्या घागरी, बुडं गेलेले हंडे. पाहुण्यांचं लक्ष हमखास तिकडे जातं, कारण त्यांवर ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षरं कोरलेली असतात. हे काय लिहिलंय, असं ते तुम्हालाच विचारणार. वाचून दाखवू नका. कुणाच्या तरी लग्नात मामाने दिलेल्या भांड्यावरचं नाव असतं ते, गावासकट. आणि घर बांधताना माळ्यावरची अडगळ किलोच्या भावाने काढून तुम्ही मॉड्युलर किचन केलंत, ते पोतं कुणी नेलं याची चौकशी काही तुम्ही केलेली नाही. आडनाव ओळखीचं निघालं तर पंचाईत.

"जुनी लिपी आहे," असं सांगून त्यांना गाडीत बसवा. भरीत निवतंय म्हणा.