आधी नोंदणी कुठाय ते विचारा

गेले काही दिवस आमच्या घरच्या ग्रुपवर एकच विषय पेटलाय. मिशनची बालगृहं बंद करा, ते धर्मांतराचे अड्डे आहेत, असं चुलतदादानं लिहिलं. त्यावर वहिनीचा भाऊ म्हणाला, मिशनरी नसते तर आपल्याकडं शाळा-दवाखाने आले असते का? त्यांच्याकडं बोट दाखवायची आपली लायकी नाही. नाइट ड्यूटी करून घरी आले आणि हे वाचून डोकंच उठलं. तिथं मुलं कुठून आली, त्यांना भेटायला कोण येतं, हे एकानंही विचारलं नव्हतं.

दादा, हा आरोप जुना आहे. १८९३ साली पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावर, विधवा मुलींच्या त्यांच्या आश्रमशाळेवर, तो झाला तेव्हा रानडे-भांडारकर सल्लागार समितीतून बाहेर पडले. पुढं दुष्काळ पडला आणि त्याच रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या, केडगावला त्यांना आसरा दिला. आणि आपण तर शाहू महाराजांच्या गावचे. जातीजातीच्या पोरांसाठी बोर्डिंगं निघाली त्या गावचे.

गळिताच्या हंगामात कारखान्याभोवती पाचटाच्या खोपी पडतात. आई-बाप पहाटेच्या अंधारात फडावर, आणि सात-आठ वर्षांची पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन चुलीपाशी. शेजारून रोज आपल्या गाड्या जातात. त्या पोरीला एखाद्या सिस्टरनं आत घेऊन जेवू घातलं, की मग सगळ्यांना तिचा धर्म आठवतो.

पण वहिनीच्या भावालाही ऐकावं लागेल. मी आयर्लंडमध्ये गॉलवेत राहते, ट्यूम हे गाव इथून फार लांब नाही. १९२५ ते १९६१ तिथं नन्सनी कुमारी माता आणि त्यांच्या मुलांचं गृह चालवलं. ७९६ मुलांच्या मृत्यूच्या नोंदी आहेत, पुरल्याच्या नाहीत. हे शोधून काढलं कॅथरीन कॉर्लेस या तिथल्याच बाईंनी. २०२१ मध्ये आयर्लंडच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली, त्या नन्सच्या संस्थेनंही मागितली. खोदकाम सुरू व्हायला २०२५ उजाडलं. मी ती जागा पाहिलीय. भोवती घरं, लागून मुलांचं खेळायचं मैदान. कौन्सिल पैसे देत होतं, बाप स्वतःच्या मुलींना दारात सोडून जात होते, आणि सेवा करणाऱ्यांना कसं विचारायचं म्हणून सगळे गप्प.

आता इथं चर्चच्या दारात मासच्या, म्हणजे प्रार्थनेच्या, वेळापत्रकाशेजारी सेफगार्डिंगचा, म्हणजे मुलांच्या सुरक्षेचा, कागद असतो, नाव आणि फोन नंबरासकट. गार्डा व्हेटिंगशिवाय, म्हणजे पोलिसांच्या पडताळणीशिवाय, मुलांना चर्चच्या क्वायरमध्ये गाणंसुद्धा शिकवता येत नाही. माझी मुलगी कॅथलिक शाळेतच जाते. वर्ग कम्युनियनची, त्यांच्या धार्मिक विधीची, तयारी करतो तेव्हा ती मागं बसून चित्रं काढते आणि घरी येऊन देवापुढं दिवा लावते. तिचं काही बिघडलं नाही.

आपल्याकडं कायदा नाही असंही नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं प्रत्येक बालगृहाची नोंदणी सक्तीची आहे. सापडलेलं मूल २४ तासांत बालकल्याण समितीपुढं न्यावं लागतं. मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असंही त्यात लिहिलंय. मठ असो की मिशन, अट एकच.

ड्यूटीवर कुणी आयरिश बाई भारतातल्या अनाथ मुलांबद्दल हळहळायला लागली की मी लगेच ट्यूमचं नाव काढते. मला ती कीव सहनच होत नाही. आणि घरच्या ग्रुपवर ट्यूम काढलं की दादा लिहितो, ‘तू बाहेर गेलीस, तुला इथलं काय कळणार.’ हे फार लागतं. नर्सिंग मी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकले. बाळाच्या अंघोळीचं पाणी कोपर बुडवून बघायचं हे तिथल्या सिस्टरनी शिकवलं, आणि आजही माझं कोपर आधी पाण्यात जातं. मग मी बाहेरची कशी?

डिसेंबरात मी येतेय, गळीत सुरू असेल. दादा, आपण दोघं बालकल्याण समितीच्या ऑफिसात जाऊ. तू ज्याला अड्डा म्हणतोस त्याची नोंदणी आहे का, शेवटची तपासणी कधी झाली, ते विचारू. गडबड निघाली तर तक्रारीवर पहिली सही माझी. तिथून तसंच खोपींवर जाऊ, आणि तिथल्या पोरींची यादी कुणाकडं आहे, ते तू मला सांग.