‘स्पष्टवक्ता’ यांस उत्तर: रात्री तीनला बोट का टोचायचं

‘उशाखालचा चोर’ या मधुमेह आणि झोपेवरच्या माझ्या लेखावर पर्वरीच्या कुणा ‘स्पष्टवक्ता’ यांची प्रतिक्रिया आली आहे. लांबलचक आहे, म्हणून तिचा मतलब आधी देते. मी एकीकडे म्हणते की झोप मोडली की शुगर चढते आणि दुसरीकडे लोकांना रात्री तीनचा अलार्म लावून बोट टोचायला लावते. रात्री उतरलेली शुगर सकाळी उसळी घेते, हा सोमोजीचा सिद्धान्त कधीच मोडीत निघाला. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांना रात्री शुगर ‘लो’ होण्याची भीती दाखवणं चूक. घोरण्याचा मधुमेहाशी संबंध जोडणं हा आचरटपणा. फेणीने शुगर उतरते हे त्यांच्या आजोबांनाही माहीत होतं. त्यांच्या स्वतःच्या दंडावरचा शुगर मोजणारा सेन्सर रात्री ६० दाखवतो आणि ते ठणठणीत आहेत. आणि या सगळ्यावर कळस: “निवृत्त मास्तरणींना स्वतःला झोप येत नाही, म्हणून अख्ख्या गोव्याची झोप मोडायचा हा उद्योग.”

एक गोष्ट मान्य करून टाकते. लेखाचं शीर्षक भडक होतं. बदलणार नाही, पण भडक होतं.

आता ते शेवटचं वाक्य. पालकांच्या चिठ्ठ्या वाचण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे कुठे मुद्दा संपतो आणि कुठे टोमणा सुरू होतो ते मला बरोबर दिसतं. तुम्हाला वाटलं, झोप येत नाही हे माझं व्यंग तुम्ही पकडलंत. अहो, लेखच त्यावर होता! मला झोप येत नव्हती ती निवृत्तीमुळे नव्हे. शाळेत होते तेव्हाही रात्री उठउठून न्हाणीघराकडे जायचे आणि सकाळी पहिल्या तासाला फळ्याकडे तोंड करून जांभया द्यायचे. रक्तातली शुगर साधारण १८०च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती अडवता येत नाही. ती लघवीत उतरते आणि जाताना पाणी ओढून नेते. मग घसा कोरडा पडतो, तांब्याभर पाणी प्यायचं आणि तासाभराने पुन्हा उठायचं. आमच्या फोंड्यात याला पावसाळ्यात गारठ्याचं निमित्त असतं, पुरुषांना प्रोस्टेटचं आणि बायकांना वयाचं. मला वयाचं सांगण्यात आलं होतं. ‘चाळिशी उलटली, आता असंच.’ असंच नव्हतं. तपासणीत मधुमेहाचा आकडा निघाला, औषध लागू पडलं आणि रात्री जमिनीला पाय लागेनासे झाले.

तेव्हा मास्तरीण म्हणा, निवृत्त म्हणा, आणखी काय म्हणायचं ते म्हणा. पण ज्या बाईची झोप या रोगाने खाल्ली, तिने झोपेवर लिहायचं नाही तर मग कोणी लिहायचं? तुम्ही?

आणि ‘अख्ख्या गोव्याची’ हेही जरा जास्तच झालं. अख्ख्या नव्हे, पाव गोव्याची म्हणा. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची देशभराची पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रौढांमधल्या मधुमेहाचं प्रमाण गोव्यात २६.४ टक्के निघालं, देशात सगळ्यात जास्त. देशाचा आकडा ११.४ टक्के आहे. पर्वरीतल्या तुमच्याच इमारतीत रात्री दोननंतर कुणाकुणाच्या न्हाणीघरात दिवा लागतो ते एकदा गच्चीवरून बघा.

‘उद्योग’ म्हणालात ना, तो कुठून सुरू झाला तेही ऐका. सासऱ्यांची गोष्ट लेखात मी दोन ओळींत उरकली होती. ते ग्लिमेपिराइड घेत, म्हणजे शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी मधुमेहाची गोळी. सकाळची फास्टिंग, म्हणजे उपाशीपोटीची शुगर, चढलेली यायची, म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी (नाव घेत नाही, तुम्हीही तर्क लढवू नका) गोळीची मात्रा वाढवली. निव्वळ सकाळच्या आकड्यावर. रात्री काय होतं, झोप कशी लागते, हे कोणी विचारलं नाही. मूत्रपिंडं थकलेली होती, त्यामुळे गोळीचा अंमल जास्त वेळ रेंगाळायचा, तेही आम्हाला पुढे कळलं. त्यात एकादशी आली. दिवसभर उपास, रात्री केळं आणि कपभर दूध.

मला जाग आली ती कसल्याशा खसखशीने. अंधारात पलंगावर बसून ते उशीची खोळ काढत होते, परत चढवत होते, परत काढत होते. बनियन पिळावं इतकं ओलं, आणि हात गार. “बाबा, कितें जालें?” तर म्हणाले, “कांय ना. देवळांत वचूंक जाय, वेळ जाता.” (काही नाही, देवळात जायला हवं, उशीर होतोय.) नवरा म्हणाला, स्वप्नात आहेत, निजू दे. मी निजू दिलं नाही. ग्लुकोमीटरवर आकडा आला ४३. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा थेंब घेतला, आकडा वर आल्यावर दोन बिस्किटं दिली. मग त्यांनीच विचारलं, ही खोळ कोणी काढली?

७०च्या खाली ‘लो’ आणि ५४च्या खाली गंभीर, हे पुस्तकात असतं. खोळ काढणं-घालणं पुस्तकात नसतं. रात्रीची ‘लो’ ओळखायची ती अशाच गोष्टींवरून: घामाने ओली उशी, भयाण स्वप्नं, काहीतरी असंबद्ध बडबड, सकाळी उठल्यावर जड डोकं. झोपलेल्या माणसाला स्वतःला पत्ताच नसतो. सासऱ्यांची गोळी दुसऱ्याच दिवशी बदलून घेतली. तेव्हा हा माझा उद्योग असेल तर असेल, त्याची मला लाज नाही.

आता अलार्मबद्दल. इथे तुम्हाला वाटलं की मला पुरतं कोंडीत पकडलंत. झोप मोडली की शुगर चढते, हे मी लिहिलं ते १९९९च्या एका प्रयोगावरून. त्यात अकरा धडधाकट तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं आणि तेवढ्यानेच त्यांच्या शरीराचं साखर पचवणं बिघडलं. सहा रात्री, चार तास. मी सांगितलं ते दोन-तीन रात्री, पाच मिनिटं, तेही गोळीची किंवा इन्सुलिनची मात्रा बदलायची वेळ आली तर. जत्रेत पहाटेपर्यंत नाटक बघणाऱ्या आपल्या लोकांना पाच मिनिटं जड व्हावीत? पुढचे तीन महिने नीट झोपायचं म्हणून एखाद्या रात्री उठायचं, यात विसंगती कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

आणि उठायचं कशासाठी? फास्टिंग १७० आली, तर त्या एका आकड्यावरून रात्र कळत नाही. निजताना, तीनला आणि उठल्यावर, असे तीन आकडे शेजारी मांडले की कळते. तीनला ठीक आणि सकाळी वर, तर तो पहाटेचा खेळ. पहाटे शरीर जागं व्हायच्या तयारीला लागतं, ग्रोथ हॉर्मोन आणि कॉर्टिसॉल वाढतात, यकृत साखर सोडतं. ज्यांना मधुमेह नाही त्यांचं इन्सुलिन ते सांभाळून घेतं, आपलं घेत नाही. रात्रभर वरच असेल, तर आधी रात्रीच्या ताटाकडे बघा: दहाला जेवण, वर भाताचा दुसरा वाढा. आणि तीनला खाली असेल, तर औषध जास्त होतंय. तिन्ही वेळा सकाळचा आकडा तोच दिसू शकतो आणि इलाज मात्र वेगवेगळे. म्हणून ते तीन आकडे वहीत लिहून डॉक्टरांसमोर ठेवायचे. स्वतःच गोळ्या कमीजास्त करायच्या नाहीत, हे मी तेव्हाही लिहिलं होतं. मी डॉक्टर नाही हे मला ठाऊक आहे, तुम्ही आठवण करून द्यायची गरज नव्हती.

बाकीचं भराभर. सोमोजींनी १९३८मध्ये मांडलं की रात्री शुगर खाली गेली की शरीर उसळी घेऊन ती सकाळी वर नेतं. सेन्सर आल्यावर असं क्वचितच घडतं असं दिसलं. बरं, मग? मी रात्रीची ‘लो’ शोधा म्हटलं ते ती ‘लो’ आहे म्हणून, सकाळच्या उसळीसाठी नव्हे. एकट्या मेटफॉर्मिनने शुगर सहसा ‘लो’ होत नाही, हे लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात आहे. तुम्ही दुसऱ्यालाच चिडलात, तिसऱ्यापर्यंत पोचला नसाल. घोरणं: झोपेत श्वास अडकतो, ऑक्सिजन उतरतो, शरीर दचकतं आणि ताणाची हॉर्मोन्स साखर वर ढकलतात. याला स्लीप ॲप्निया म्हणतात आणि टाइप २ मधुमेहवाल्यांत तो भरपूर आढळतो. आचरटपणा म्हणायचा तर खुशाल म्हणा, पण आधी बायकोला विचारून या.

फेणीवर मात्र थांबावं लागेल, कारण तुमच्या आजोबांचा हवाला वाचून कोणीतरी खरंच पिईल. फेणीने शुगर उतरते हे खोटं नाही, तीच तर पंचाईत आहे. यकृत दारू निस्तरण्यात गुंतलं की नवी साखर तयार करणं मागे पडतं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणारा माणूस मार्च-एप्रिलात उर्राक (काजूची पहिल्या धारेची दारू) घेऊन, काजूबियांच्या मुठीवर जेवण भागवून निजला, तर शुगर घसरते ती कित्येक तासांनी, गाढ झोपेत. घरचे म्हणतात चढली आहे, पडू दे. नशेचं बरळणं आणि ‘लो’चं बरळणं सारखंच ऐकू येतं. हा उपचार नव्हे, महाराज.

राहता राहिला तुमचा सेन्सर. रात्री ६० दाखवतो आणि तुम्हाला काही होत नाही. तुम्ही कोणत्या कुशीवर झोपता? सेन्सर लावलेला दंड अंगाखाली दाबला गेला की तिथला आकडा खोटाच खाली येतो आणि कूस बदलली की आपोआप वर जातो. तसं असेल तर उत्तम, दुसऱ्या दंडावर लावा. पण तसं नसेल, आकडा खरा असेल आणि तरी ना घाम, ना थरथर, तर ती ठणठणीतपणाची खूण नव्हे. वरचेवर ‘लो’ होणाऱ्यांच्या शरीराची धोक्याची घंटाच पुढे वाजेनाशी होते. दोन्हींपैकी काय आहे ते सेन्सर सांगणार नाही. त्यासाठी तो ६० दाखवत असताना बोटाचा थेंब घ्यावा लागेल, आणि ती वेळ, माफ करा, रात्री तीनच्या आसपासचीच असणार.

तुमची प्रतिक्रिया आहे तशी ठेवली आहे, मास्तरणीसकट. तिच्या मागोमाग आलेली दुसरी, जिच्यात माझ्या शाळेचं नाव आणि मुख्याध्यापकांची चौकशी होती, ती मात्र काढून टाकली.