कोरियन ‘सा’ म्हणजे मरण नव्हे

कोरियन मालिकांच्या चाहत्यांमध्ये एक मजकूर सारखा फिरतो: “कोरियनमध्ये चार आणि मृत्यू हा एकच शब्द आहे, ‘सा’. म्हणून तिथे चार आकडा टाळतात. ज्या शब्दात ‘सा’ येतो, त्यात मरण दडलेलं असतं.” सोबत लिफ्टचा फोटो, चारच्या जागी ‘एफ’ लिहिलेलं बटण.

शब्द एक नाही, दोन आहेत. दोन्ही चिनीतून आले, पण त्यांची अक्षरं अगदी वेगळी. चारचं अक्षर बंद चौकटीसारखं दिसतं, मृत्यूच्या अक्षरात डावीकडे हाडांच्या अवशेषांची खूण असते. चिनीत दोघांचा सूरही वेगळा. प्रमाण कोरियनमध्ये सूर नाहीत, आणि हांगुल लिपी उच्चाराप्रमाणे लिहिते, म्हणून दोन्ही सारखे दिसतात. आपण सोमवारातल्या ‘वार’चा अर्थ तलवारीचा घाव असा लावतो का? शिवाय मरणाला रोजच्या बोलण्यात देशी शब्द आहे, ‘चुगुम’. नुसतं ‘सा’ म्हणून कोणी मेल्याची बातमी देत नाही.

टाळण्याबद्दल थोडं तथ्य आहे. काही इमारतींत, विशेषतः रुग्णालयांत, चौथ्या मजल्याला ‘एफ’ लिहितात. पण एप्रिलला सगळा देश ‘सावॉल’, म्हणजे चौथा महिना, म्हणतो. घरसामान हलवणाऱ्या कंपन्या तर २४२४ हा फोन नंबर मुद्दाम घेतात, कारण तो ‘ई-सा-ई-सा’ असा वाचला जातो आणि ‘ईसा’ म्हणजे घर बदलणं. १००४ चा उच्चार ‘छॉन्सा’, म्हणजे देवदूत! दक्षिण जल्ला प्रांतातला शिनान जिल्हा स्वतःला १००४ बेटांचा म्हणवतो आणि २०१९ साली तिथे खुल्या झालेल्या पुलाचं नावही छॉन्सा आहे.

तिसरा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण नवशिके त्यावरून शब्द पाठ करतात. ‘सा’ असा उच्चार असलेली चिनी अक्षरं कितीतरी आहेत. देवदूतातला ‘सा’ दूत, डॉक्टरमधला (‘उइसा’) गुरू, इतिहासातला (‘यॉक्सा’) बखर. अक्षर कोणतं, हे पाहिल्याशिवाय अर्थ लावूच नये.

चुलतभावाला ‘साछोन’ म्हणतात, तिथे मात्र खरंच चार आहे. ‘छोन’ म्हणजे नात्याची एक पायरी. आपल्यापासून बाबा एक, आजोबा दोन, काका तीन. म्हणून काका ‘सामछोन’, आणि काकांचा मुलगा चौथ्या पायरीवर.