परीक्षा देऊ नका, घ्या

नागरिकत्वाची परीक्षा कधी देऊ नये, घ्यावी. देणारा घाम पुसतो, घेणारा चहा पितो. तुम्ही नागपुरात जन्मला असाल तर चहा पिणाऱ्यांच्या रांगेत तुमची खुर्ची आधीच मांडून ठेवलेली आहे. त्यातून आपण पडलो देशाच्या मधोमध राहणारे. झिरो माइल या आपल्या मधोमधच्या खांबाजवळच्या घोड्यांपासून जो जितका लांब, तो तितका कमी भारतीय, हे आपलं माप. ईशान्येकडून शिकायला आलेल्या मुलीला तर आपण गाव विचारायच्या भानगडीतच पडत नाही, एकदम देशच विचारतो.

तरी काही अभाग्यांवर परीक्षा देण्याची पाळी येते. त्यांनी आधी टक्केवारी पाहून देश निवडावा. आपल्याकडे पस्तीसला पास करतात, हे धरून हिशेब करा. जर्मनीत ३३ पैकी १७ बरोबर आले की झालं, म्हणजे सेकंड क्लासवाल्याला जर्मन होता येतं. अमेरिकेला फर्स्ट क्लास लागतो, तोंडी परीक्षेत २० पैकी १२. ब्रिटन डिस्टिंक्शनशिवाय दारात उभं करत नाही, २४ पैकी १८, तेही ४५ मिनिटांत. ऑस्ट्रेलियाने २००७ साली परीक्षा सुरू केली तेव्हा अभ्यासाच्या पुस्तिकेत डॉन ब्रॅडमनही होते. तेव्हाच अर्ज करायला हवा होता. त्यांच्या सरासरीचा ९९.९४ हा आकडा तोंडपाठ आणि स्वतःच्या प्रभागाचा नगरसेवक कोण ते ठाऊक नाही, असे जाणकार धरमपेठेतल्या कुठल्याही पानठेल्यावर उभे असतात.

माझा भाचा अमेरिकेच्या वाट्याला गेला. नागपूरच्या महाल भागात वाढला, राहतो न्यू जर्सीत. शपथ घेताना त्याला परक्या राजा-राजपुत्रांवरची निष्ठा सोडतो असं म्हणावं लागेल. भोसल्यांच्या वाड्यामागे क्रिकेट खेळलेल्या पोराला हे जड जाणारच. पण त्याआधी परीक्षा. मागच्या रविवारी त्याने व्हिडिओ कॉल केला. म्हणाला, "मामा, तुम्ही विचारा, मी उत्तरं देतो." यादीत १२८ प्रश्न, आणि सरकारने ते उत्तरांसकट छापून दिलेले. असलं सरकार परीक्षा काय घेणार!

झेंड्यावर तेरा पट्टे का, पोराने सांगितलं. राज्यघटना कोणत्या साली लिहिली, १७८७. दुरुस्त्या किती, सत्तावीस. ताईच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. भाऊजी तर्रीत बुडवलेले पोहे खात मान डोलावत होते, जणू १७८७ च्या बैठकीला ते स्वतः हजर होते.

इथे माझी चूक झाली, ती तुम्ही करू नका. परीक्षा देणाऱ्याच्या हातात प्रश्न जाऊ द्यायचा नसतो. मी पाणी प्यायला थांबलो आणि पोराने विचारलं, "बाबा, आपला राष्ट्रीय खेळ कोणता?"

"हॉकी," भाऊजी, ताई आणि मी एका सुरात.

"कुठलाच नाही. २०१२ मध्ये माहितीच्या अधिकारात विचारलं तेव्हा क्रीडा खात्यानेच सांगितलं होतं. बरं, राष्ट्रभाषा?"

"हिंदी," भाऊजींनी अस्सल मराठीत सांगितलं.

"राजभाषा, बाबा. घटनेत राष्ट्रभाषा असा शब्दच नाही. मूलभूत कर्तव्यं किती?"

भाऊजींनी चमचा खाली ठेवला. "कर्तव्यं? हक्क विचार न बे!"

फारच मागे लागला तेव्हा म्हणाले, दहा. आता हे उत्तर सपशेल चूकही नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीत दहाच होती. अकरावं, मुलांना शिक्षणाची संधी देण्याचं, २००२ मध्ये आलं. तेव्हा भाऊजी ज्या देशाचे नागरिक आहेत तो जरा जुना आहे, इतकंच. पोराने "त्यातलं एक तरी सांगा" म्हटलं आणि नेमकं त्याच वेळी आमचं नेटवर्क गेलं. ते भाऊजींच्या अंगठ्याखालून गेलं, पण घरात कोणी त्याची वाच्यता केली नाही.

असो. घेण्याकडे वळू. माझी अशी एक परीक्षा झाली आहे, ती उदाहरणादाखल पाहा. भाड्याने फ्लॅट पाहायला गेलो होतो. घरमालक झोपाळ्यावर, मी प्लास्टिकच्या खुर्चीवर. नाव सांगितलं. "पूर्ण?" वडिलांचं सांगितलं. "पुढे?" या 'पुढे'नंतर जी शांतता पसरते ना, तिच्यात झोपाळ्याची कडी करकरलेली ऐकू येते. मी मुद्दाम आडनाव गिळलं, तर गृहस्थ वळसा घालून आले. मूळचे कुठले? तिकडे कोणत्या वस्तीत? लग्न कुठे झालं? मग आवाज उतरवून, "खाण्यापिण्याचं कसं काय?" शेवटी कागदपत्रं, "आधार आहे न? म्हणजे आपलं, भारतीयच आहे ना सगळं, म्हणून."

आधार कायद्याचं नववं कलम स्वच्छ सांगतं की आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. मी ते बोललो नाही, घर हवं होतं. पण कसब बघा! यादी छापलेली नाही, पास व्हायला किती लागतात ते सांगायचं नाही, उत्तरपत्रिका दाखवायची नाही आणि निकाल एका शब्दात, "कळवतो." अमेरिकेच्या अधिकाऱ्याला सात जन्मांत जमणार नाही. महिन्याभराने तेच गृहस्थ मला एका सावजी भोजनालयात भेटले, शर्टाच्या खिशाखाली मटणाच्या रश्श्याचा लाल डाग. कळवायचं त्यांच्या राहूनच गेलं होतं.

आपल्या सरकारला मात्र ही विद्या अवगत नाही. बाहेरच्या माणसाला भारतीय व्हायचं तर १९५५ च्या कायद्यात लेखी परीक्षाच नाही. ठरावीक वर्षांचं वास्तव्य, चांगलं चारित्र्य आणि आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी एकीचं पुरेसं ज्ञान, बस. पुरेसं म्हणजे किती, ते तिथे लिहिलेलं नाही. अर्जदार नागपूरच्या बर्डीवर मराठी शिकलेला असला आणि समोरचा साहेब पुण्याचा निघाला, तर 'मी अर्ज करून राहिलो' या वाक्यावर फाइल अडकायची. चारित्र्याची अट जन्माने नागरिक असलेल्यांना लावत नाहीत, हे बरं आहे. नाहीतर रोज संध्याकाळी संविधान चौकात लाल दिव्यातून गाड्या काढणाऱ्यांना कोणता देश द्यायचा, हा प्रश्नच होता.

योगायोग म्हणजे नागरिकत्व कायद्याचंही नववं कलमच कामाचं आहे. भाच्याने तिकडे शपथ घेतली की त्याचं इकडचं नागरिकत्व आपोआप संपणार. मग ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते, काढून येईल, मत देता येणार नाही, शेतजमीन घेता येणार नाही. ताईला याचं वाईट वाटतं. भाऊजींना वाटत नाही. मतदान सुट्टीला जोडून आलं तेव्हा ते पचमढीला होते.

सोमवारी सकाळी मी ताईकडे डबा परत द्यायला गेलो तर भाऊजी गेटपाशीच भेटले. हातात पॉलिथिनची पिशवी, आत आठवड्याचं निर्माल्य, वर नारळाची शेंडी. पुलापर्यंत सोबत गेलो. खाली नाग नदी, जिच्यावरून शहराचं नाव पडलं ती. भाऊजी तिला नाला म्हणतात. नद्या-तलावांचं रक्षण हे त्या मूळच्या दहा कर्तव्यांतलंच एक, पण सकाळी सकाळी कुठे विषय काढायचा. भाऊजींनी आधी नमस्कार केला, मग कठड्यावरून पिशवी गाठीसकट सोडली आणि हात झटकत म्हणाले, "त्या पोट्ट्याले सांगजो, आम्ही शिकलो तवा दहाच होते."