नर्सरी नाही म्हणून बाळाचं काही अडत नाही

होणाऱ्या आईबाबांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. लिहिला कोणी ते ठाऊक नाही, पण ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे त्यांना तो दोन-तीनदा तरी येतोच. सांगणं थोडक्यात असं: बाळाला पहिल्या आठवड्यापासून वेगळी खोली हवी, नाहीतर ते आईला चिकटून राहतं आणि रात्रभर झोपायला शिकत नाही. खोलीच्या भिंती रंगीबेरंगी हव्यात, त्याने मेंदू वाढतो. क्रिब म्हणजे कठड्याचा पलंग, त्याला आतून चारी बाजूंनी मऊ बंपर म्हणजे गादीसारख्या पट्ट्या, लोड आणि राईची उशी असा पूर्ण सेट हवा. दुपटी बदलायला उंच टेबल हवं. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता हवी आणि एसी २० वर. हे सगळं एकदा केलं की पाच वर्षं बघायला नको. आणि शेवटी तंबी: वन आरकेत बाळ आणू नका, आधी टू बीएचके घ्या.

डोंबिवली-विरारला किंवा पिंपरीला वन आरकेत राहणारी, सातवा महिना लागलेली मुलगी हे वाचते आणि रात्री नवऱ्याला विचारते, आपण चूक तर नाही ना करत? म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिला मुद्दा, वेगळी खोली. बालरोगतज्ज्ञांचं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. अमेरिकेतली मुलं जन्मापासून वेगळ्या खोलीत झोपतात असं आपण सिनेमांत बघतो, पण तिथल्याच बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, २०२२ सालच्या सूचनांत सांगितलंय की निदान पहिले सहा महिने बाळाने आईवडिलांच्याच खोलीत झोपावं, फक्त स्वतःच्या वेगळ्या गादीवर. झोपेत अचानक होणारे मृत्यू टाळण्यासाठीची ही सूचना आहे. आणि व्यवहार बघायला गेलं तर नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध पितं. वेगळ्या खोलीत ठेवलं तर टाके ओले असलेली आई रात्री तितक्या वेळा उठून तिकडे जाणार. नर्सरीची पद्धत ज्या इंग्रजी घरांतून आली तिथे बाळाला बघायला पगारी बाई असायची. खोली उचलून आणली, बाई कुठून आणणार? राहिलं आईला चिकटण्याचं. पंधरा दिवसांच्या बाळाने आईला चिकटायचं नाही तर कोणाला?

तेव्हा मेसेजची पहिली अट वन आरके घर काही न करताच मोडतं, आणि मोडतं तेच बरं.

मात्र एक खोली म्हणजे एक अंथरूण नव्हे. आपल्याकडे बाळ आईच्या कुशीतच झोपतं आणि त्यावर कोणी काही बोललं की घरातल्या मोठ्यांना राग येतो. तरी सांगते. दूध पाजून झालं की बाळाला त्याच्या जागेवर ठेवावं. ती जागा आईच्या हाताच्या अंतरावर असली की पुरे. पलंगाला खेटून कठड्याचा छोटा पलंग लावा, मधे फट राहणार नाही असा. दोघं खालीच झोपत असाल तर आईच्या गादीशेजारी बाळाची वेगळी गादी. बाळ वजनाने कमी असेल, दिवसांआधी झालं असेल, घरात कोणी सिगारेट-बिडी ओढत असेल किंवा पिऊन झोपत असेल, तर एका अंथरुणात अजिबात नको. आणि सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन डुलकी काढणं सगळ्यात वाईट. पाहुणे आल्यावर बाबा मंडळी हटकून हेच करतात.

जागा किती लागते? फिनलंडमध्ये सरकार गरोदर बायकांना बाळाच्या कपड्यांनी भरलेला पुठ्ठ्याचा खोका देतं. १९३८ साली गरीब घरांसाठी सुरू झालं, १९४९ पासून सगळ्यांसाठी. तळाशी बेताची गादी असते आणि कित्येक बाळांची पहिली झोप त्या खोक्यातच झालेली आहे. खोकाच आणा असं मी म्हणत नाही. पण पहिल्या महिन्यांत बाळाला लागते ती जागा एवढीच.

आता तो ‘पूर्ण सेट’. मेसेजमधला हा सगळ्यात धोक्याचा भाग आहे, आणि दुकानात तो सगळ्यात गोड दिसतो. मऊ बंपर अमेरिकेत विकायलाच २०२२ च्या कायद्याने बंदी आहे, कारण बाळाचं नाक त्यात दबतं आणि मान वळवून सुटायची ताकद त्याच्यात नसते. आपल्या दुकानांत मात्र गादी, दोन लोड आणि उशी असा कार्टूनवाला संच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ‘बारशाची भेट’ म्हणून हातोहात खपतो. लोड म्हणजे बंपरच, गोल शिवलेला. राईच्या उशीने डोकं गोल होतं म्हणतात. पाठीवर झोपून डोकं थोडं चपटं होतं खरं, पण बाळ जागं असताना, कोणाच्या नजरेसमोर, थोडा वेळ पालथं ठेवलं आणि झोपवताना डोक्याची बाजू बदलत गेलं की बहुतेकांचं ते आपोआप सुधारतं. झोपताना उशी नको, राईचीही नको आणि आजीने हाताने शिवलेलीही नको. भेट आलेला सेट परत करता येत नसेल तर गादी तपासा. पंजा दाबून उचलल्यावर खळगा राहत असेल तर ती बाळाला नको. त्यापेक्षा जमिनीवर चापून घातलेली घडीची गोधडी आणि तिच्यावर ताणून खोचलेली चादर कैक पटीने बरी. बाळ उताणं, आणि त्याच्या आजूबाजूला काही म्हणजे काही नाही.

याच ओघात झोळीबद्दल. लहान घरात झोळी सोयीची, रडणारं बाळ दोन झोक्यांत गप्प होतं, आणि दिवसा कोणीतरी समोर असताना ती वापरायला माझी हरकत नाही. पण साडीच्या झोळीत बाळ धनुष्यासारखं वाकतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. रात्रभराची झोप झोळीत नको. आणि कुठे बांधता तेही बघा. जुन्या चाळींत तुळईला पाळण्यासाठी कडी ठोकलेली असायची, पिढ्यान् पिढ्या त्याच कडीवर वाढल्या. नव्या इमारतीत ती सोय नाही, म्हणून पंख्याच्या हुकाला झोळी अडकवणारे लोक मी पाहिलेत. तो हुक त्यासाठी नसतो.

भिंतींचा रंग. नवजात बाळाला वीसतीस सेंटिमीटरपलीकडचं स्पष्ट दिसत नाही. एवढ्या अंतरावर पाजताना आईचा चेहराच येतो. पलीकडच्या भिंतीवरचे जिराफ आणि फुगे फोटोसाठी असतात. हौस म्हणून रंगवा, पण नवव्या महिन्यात नको, वास जायला वेळ द्या. जुन्या घरात राहत असाल तर आणखी एक. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त नसावं हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत काय काय असेल सांगता येत नाही. गरोदर बाई घरात असताना जुना रंग खरवडून काढणं म्हणजे ती धूळ तिच्या श्वासात घालणं. तो आपोआप सुटून पडत नसेल तर राहू दे. आणि रंग निवडायचाच तर बाळाच्या जागेशेजारी पिवळा नको. पहिल्या आठवड्यात कावीळ होते का ते बघायचं असतं, आणि पिवळी भिंत नि पिवळा दिवा असला की सगळंच पिवळं दिसतं. बाळाला दिवसा खिडकीपाशी न्यावं, कपाळ किंवा छाती बोटाने हलकेच दाबून सोडावी आणि तिथली कातडी कुठल्या रंगाची दिसते ते बघावं. पिवळेपणा दिसला तर दवाखाना. कोवळ्या उन्हात धरणं हा कावीळीवरचा उपचार नाही.

शांततेचं फार मनावर घेऊ नका. बाळ नऊ महिने आईच्या हृदयाच्या ठोक्यांत आणि पोटाच्या गुडगुडीत राहून आलेलं असतं. कुकरच्या शिट्टीने एखाद वेळ दचकेल, मग सवय होईल. दिवसा घर जागं आणि रात्री दिवे मंद असले की दिवस-रात्र त्याला हळूहळू कळायला लागतात. आवाजाची मशीनं विकत घेताना उलट जपा. २०१४ मध्ये अशा चौदा यंत्रांची चाचणी झाली, तेव्हा पूर्ण आवाजावर सगळीच्या सगळी रुग्णालयांतल्या बालकक्षासाठी ठरवलेल्या ५० डेसिबलच्या मर्यादेबाहेर गेली.

एसी २० वर? इंग्लंडमध्ये खोली १६ ते २० अंश ठेवा म्हणतात, तिथल्या हवेत वाढलेल्या लोकांनी तिथल्या कपड्यांसाठी सांगितलेलं ते आहे. जागतिक आरोग्य संघटना जन्मावेळची खोली निदान २५ अंश ठेवायला सांगते. एसी असेल तर लावा, झोत अंगावर येऊ देऊ नका, आकडा बघण्यापेक्षा बाळाला हात लावून बघा. पोट आणि पाय दोन्ही ऊबदार, तर ठीक. पोट ऊबदार पण पाय गार, तर बाळाला थंडी वाजते आहे, झाका नाहीतर आईच्या छातीशी उघड्या अंगाने ठेवा. पोटही गार लागलं तर छातीशी धरूनच दवाखाना गाठा.

ही हाताची परीक्षा आपल्या आशाताईंना शिकवलेली असते. लहान घरात बाळाची आबाळ होते असं म्हणणाऱ्यांनी गडचिरोली आठवावी. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने तिथल्या ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. कुडामातीची घरं, वीज असली तर असली. गावच्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं: बाळाला ऊब कशी द्यायची, दूध लवकर कसं सुरू करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि त्यावर औषध कसं द्यायचं, श्वास अडला तर काय करायचं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आलं. १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि पुढे देशभर तीच पद्धत आली. रुग्णालयात बाळंतपण झालं तरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात त्या यामुळेच. एका झोपडीतही भिंत वाढवावी लागली नव्हती.

उंच टेबलाचं दोन ओळींत. बाळ त्यावरून पडतं. जमिनीवरून पडत नाही. सिझर झालेल्या बाईला खाली बसता येत नाही, तर पलंगाच्या मधोमध बदला, आणि एक हात बाळावर ठेवूनच पलीकडचं दुपटं घ्या.

आता मेसेजमध्ये जे नाहीच त्याबद्दल. वन आरकेत जागेची अडचण खरोखर होते ती आईला. सासरे पेपर वाचत बसलेत, दीर ऑफिसहून आलाय, शेजारच्या काकू ‘बाळ कोणावर गेलंय’ बघायला आल्यात, आणि हिला पाजायचंय. ती भिंतीकडे तोंड करून, पदराखाली, घामाघूम होऊन, बाळ नीट धरलंय की नाही हे न बघताच पाजते. मग दूध कमी पडतं म्हणून पावडरचा डबा येतो. पहिल्या सहा महिन्यांत फक्त आईचं दूध हे सगळ्यांना पाठ असतं, ते पाजायची जागा कुठे हे कोणी विचारत नाही. यावर उपाय दाराच्या पडद्याइतका स्वस्त आहे. एका कोपऱ्यात भिंतीपासून भिंतीपर्यंत तार, तिच्यावर सुती पडदा, आत पाठीला आधार असलेली बैठक, हाताशी पाण्याची बाटली, खिडकीतून वारा. पडदा ओढलेला असला की आत कोणी जायचं नाही, आजेसासूबाईंनीही नाही. हे घरातल्या पुरुषाने सगळ्यांना एकदा स्पष्ट सांगायचं. सुनेने सांगितलं की त्याची चर्चा होते.

आणि धूर. वेगळ्या खोलीची कल्पना आपल्याला नवी नाही, बाळंतिणीची खोली होतीच की. आई आणि बाळ एकत्र, हा त्यातला चांगला भाग. खिडक्या लावून घ्यायच्या, बाजेखाली शेगडी आणि ओवा-वावडिंगाची धुरी, हा वाईट. बंद खोलीत निखारे म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. तेच संध्याकाळच्या डासांच्या कॉइलचं. कॉइल नको, बाळाच्या गादीवर मच्छरदाणी, आणि ती घट्ट ताणलेली. पावसाळ्यात ओली दुपटी बाळाच्या डोक्यावरच्या दोरीवर वाळत घालू नयेत, भिंतींना बुरशी धरते. ती बाहेरच्या पॅसेजमध्ये जाऊ देत. शेजारी कुरकुरले तर कुरकुरू देत.

राहिलं ते पाच वर्षांचं आश्वासन. पाच वर्षं सोडा, सहा-आठ महिन्यांत सगळी मांडणी बदलते. बाळ पालथं पडायला लागलं की पलंगावर एकटं ठेवायचं नाही, आधार धरून उभं राहायला लागलं की कठड्याच्या पलंगात उभं राहतं, रांगायला लागलं की खालचे प्लग झाकायचे, सिलेंडरचा पाइप आत घ्यायचा. आणि तेव्हा लहान घराचा एक खरा धोका समोर येतो, त्याच्यावर मेसेजमध्ये एक शब्द नाही. पाणी ठरावीक वेळेला येतं म्हणून आपल्याकडे मोरीत बादल्या आणि पिंप भरून ठेवलेले असतात. रांगतं मूल बादलीच्या काठाला धरून उभं राहतं, आत वाकतं, आणि डोकं जड असल्याने तोल जातो. वीतभर पाण्यात, आवाजही न होता मूल बुडतं. नर्सरीसाठी काढून ठेवलेले पैसे असतील तर आधी घट्ट बसणाऱ्या झाकणाचा पिंप घ्या आणि मोरीच्या दाराला वर, तुमच्या खांद्याच्या उंचीवर, कडी बसवून घ्या.